जिद्दीचं कौतुक पुरे, रेशनकार्डाचं बोला

2020च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी कोरोनाची साथ आटोक्यात आणल्याचं उदाहरण म्हणून मुंबईतल्या धारावीचं नाव घेतलं आणि ज्या वस्तीकडे एप्रिलमध्ये अख्खं शहर धास्तीने पाहत होतं, ती एका दिवसात आदर्श ठरली. मग लेखांची रीघ लागली. वस्तीतल्या पोरांनी कसं निभावून नेलं, मास्क कसे शिवले, शिधा कसा वाटला, दहा बाय दहाच्या खोलीत बसून परीक्षा कशा दिल्या, हे सगळं छापून आलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण या कौतुकात एक सोय दडलेली होती. पोरं मुळातच चिवट आहेत, असं एकदा ठरवलं की त्यांना कशाची गरज होती आणि ते का मिळालं नाही, हे विचारायची गरज उरत नाही.

तग धरण्याची ताकद माणसाच्या स्वभावात थोडी असते. बाकीची त्याच्या हाताशी काय आहे यावर ठरते. महिन्याला माणशी किती किलो धान्य, खात्याला आधार जोडलेला आहे की नाही, वसतिगृहाची खोली उघडी की बंद, कंत्राटदाराची सही मिळते की नाही, या गोष्टी मोजता येतात. त्यामुळे त्या साथ येण्याआधी तयारही ठेवता येतात. तसं झालं नव्हतं, आणि अजूनही झालेलं नाही.

धारावीचंच पाहू. पहिला रुग्ण 1 एप्रिल 2020ला सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत साडेआठ लाखांच्या आसपास माणसं, आणि बहुसंख्य लोक सार्वजनिक शौचालय वापरणारे. 'घरीच विलगीकरणात राहा' या सल्ल्याला तिथे अर्थच नव्हता. हे धारावी ज्यात येते त्या महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने लवकर ओळखलं आणि क्रीडासंकुल, शाळा, सभागृहं ताब्यात घेतली. गल्लीबोळांत तापाची शिबिरं लावली, खासगी दवाखान्यांच्या डॉक्टरांना सोबत घेतलं, शौचालयं वारंवार धुतली, फवारली. म्हणजे मुळात यश होतं ते जागा, माणसं आणि पैसा वेळेवर पोचण्याचं. कोणत्या गल्लीत कोण खोकतंय, कोण घाबरून दार उघडत नाही, कुणाचं जेवण आलं नाही, हे सांगणारी स्थानिक मुलं-मुली नसती तर ती यंत्रणा आंधळी राहिली असती, हेही खरंच. पण यंत्रणा नसती तर ती मुलंही हात चोळत बसली असती. शिवाय लाखभर लोक तोवर गावाकडे निघून गेले होते, हे यशाच्या कहाणीत सहसा खालच्या ओळीत जातं.

आणि त्याच जुलैत आणखी एक आकडा आला होता. मुंबईतल्या माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांच्या तीन वॉर्डांत रक्तातल्या प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) पाहणी झाली. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला होता, बिगर-झोपडपट्टीत 16 टक्के. धारावी त्या पाहणीत नव्हती, पण चित्र लपून राहत नाही. वस्त्यांनी साथ रोखली त्यापेक्षा अंगावर जास्त घेतली. लोकसंख्या तरुण होती म्हणूनही मृत्यू कमी दिसले. याला चिवटपणा म्हणायचं की गर्दीची किंमत, हे ज्याने त्याने ठरवावं.

आता अन्नाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त कौतुक शिधावाटपाचं झालं. लॉकडाऊनच्या पहिल्या दोन महिन्यांत मंडळं, युवक संघटना, मशिदी, बौद्ध विहारं यांच्यामार्फत वाटलं गेलेलं 'पाच जणांच्या कुटुंबाचं पंधरा दिवसांचं किट' साधारण असं असायचं: पाच किलो आटा, पाच किलो तांदूळ, दोन किलो डाळ, एक लिटर तेल, एक किलो साखर, मीठ, मसाला, चहा, साबण. तेव्हाच्या भावाने आठशे रुपयांच्या आसपास. यातल्या उष्मांकांचा हिशेब कुणी फारसा केला नाही. दहा किलो धान्याचे साधारण 34 हजार, डाळीचे 7 हजार, तेलाचे 8 हजार, साखरेचे 4 हजार, म्हणजे एकूण 53 हजार कॅलरी. माणशी दिवसाला 2100 धरल्या तर पाच जणांना रोज साडेदहा हजार लागतात. पंधरा दिवसांचं म्हणून दिलेलं किट पाच दिवसांत संपतं. त्यामुळे सहाव्या दिवशी पुन्हा रांगेत आलेल्या बाईला 'तुमचं झालं ना परवाच' असं ऐकावं लागलं, आणि वाटणाऱ्या पोरांना लोक हावरट वाटू लागले. हावरटपणाचा प्रश्नच नव्हता. गणित चुकलं होतं.

दुसरी चूक चुलीची. वर्कशॉपमध्येच झोपणारा, खानावळीत जेवणारा वीस-बावीस वर्षांचा शिलाई किंवा चामडं कारागीर घ्या. त्याच्याकडे ना शेगडी, ना भांडी. खानावळ बंद झाल्यावर त्याच्या हातात पाच किलो आटा देणं म्हणजे त्याची थट्टाच. उज्ज्वलाच्या तीन मोफत सिलिंडरांचा त्याला उपयोग नाही, कारण जोडणी गावातल्या आईच्या नावावर. त्याला शिजवलेलं अन्न हवं होतं. राज्याच्या शिवभोजन थाळीचा दर मार्च 2020च्या शेवटी दहावरून पाच रुपयांवर आला, तो निर्णय किटपेक्षा अशा मुलांच्या जास्त कामाचा होता. पण थाळीत दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम वरण. दिवसभर काम करणाऱ्या शरीराला हे एक वेळचंच जेवण, तेही आटोपशीर. शिवाय ती केंद्रावर मिळणार, ठरावीक वेळेत, ठरावीक संख्येत.

सरकारी धान्याचं गणित बरं होतं, पण ज्यांच्याकडे कार्ड त्यांच्यासाठी. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो; एप्रिल 2020पासून साथीच्या काळात त्यावर आणखी पाच किलो मोफत दिलं गेलं. दहा किलो म्हणजे दिवसाला 333 ग्रॅम, गरजेच्या निम्म्याहून थोडं जास्त. कुणी उपाशी मरत नाही, एवढी हमी त्यातून मिळत होती. मग तरुण कुटुंबं त्यातून का सुटली? याचं उत्तर त्यांच्या आळसात सापडत नाही, कायद्याच्या रचनेत सापडतं. महाराष्ट्राचा इष्टांक, म्हणजे या कायद्याखाली धान्य मिळू शकणाऱ्यांची कमाल संख्या, 2011च्या जनगणनेवर ठरला आहे: ग्रामीण भागात 76.32 टक्के, शहरी भागात 45.34 टक्के, मिळून सात कोटींच्या आसपास माणसं. 2011 साली जी मुलं बारा-पंधरा वर्षांची होती ती 2020 साली विशी-पंचविशीत आली, लग्नं झाली, शहरात वेगळ्या खोल्या घेतल्या. पण इष्टांक भरलेला. कुणाचं नाव कमी झाल्याशिवाय यांचं नाव चढत नाही. पर्याय उरतो केशरी कार्डाचा, ज्यावर मे आणि जून 2020मध्ये गहू आठ रुपये आणि तांदूळ बारा रुपये किलोने, माणशी तीन अधिक दोन किलो मिळाला. ज्याचं उत्पन्न शून्यावर आलंय त्याला आठ रुपयेही मोजावे लागतात, हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं नाही.

नाव चढवायची प्रक्रिया ज्यांनी केली आहे त्यांना ती सांगायला नको. आधी गावातल्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, त्यासाठी गावी चक्कर किंवा भावाच्या हातापाया पडणं. मग भाडेकरार, वस्तीतला घरमालक करार करून देत नाही. मग शिधावाटप कार्यालयात अर्ज, आणि सगळं झाल्यावर बारा अंकी नंबर येईपर्यंत वाट पाहणं. नंबर येऊनही 'धान्य लागू नाही' असं दुकानदार सांगतो, कारण पुन्हा तोच इष्टांक. धडधाकट, शिकलेली मुलंही इथे हरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2023मध्ये ई-श्रम या असंघटित कामगारांच्या पोर्टलवर नोंद असलेल्या पण कार्ड नसलेल्या कामगारांना कार्डं द्या असा आदेश दिला. असे सुमारे आठ कोटी लोक देशात निघाले. जनगणनाही 2021ची हुकली आणि आता 2027वर गेली. म्हणजे 2011 साली शाळेत असलेली पिढी तिशीत पोचेपर्यंत धान्याच्या हिशेबात लहानच राहणार.

रोख मदतीतही हाच अडथळा. बांधकाम कामगार मंडळाने 2020मध्ये नोंदीत कामगारांच्या खात्यात आधी दोन हजार, मग तीन हजार टाकले. नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. नाक्यावर उभं राहणाऱ्या पोराचा मालक दर दिवसाला बदलतो. नव्वद दिवसांची सही देणार कोण? एप्रिल 2021च्या निर्बंधांच्या वेळी राज्याने फेरीवाले, रिक्षाचालक, घरकामगार, बांधकाम कामगार यांना प्रत्येकी दीड हजार जाहीर केले. तेही नोंदीत असलेल्यांनाच. घरकामगारांची नोंदणी दरवर्षी नूतनीकरण न केल्यास मरते, त्यामुळे आकडा मोठा आणि जिवंत नोंदी कमी. गंमत अशी की ज्यांना नोंदणीचे कागद जमतात ते आधीच थोडे स्थिर असतात. मदत त्यांच्याकडेच आधी जाते.

शिक्षणाबद्दल 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा आपण ऐकली. कॉलेजातल्या मुलांना ती कशी लागू पडली? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18च्या आकड्यांनुसार देशात इंटरनेटची सोय असलेली कुटुंबं 24 टक्के होती, संगणक असलेली 11 टक्क्यांच्या आत. हे आकडे टेबलावर असताना तासिका व्हिडिओवर नेल्या गेल्या. रोज दीड जीबीचा रिचार्ज 28 दिवसांना दोनशे-अडीचशे रुपयांत मिळायचा. तासाभराच्या व्हिडिओ तासिकेला अर्धा जीबी सहज जातो, चार तासिका म्हणजे दोन जीबी. तिसऱ्या तासिकेनंतर घरात दुसऱ्या कुणाला फोन मिळणार नाही, मिळाला तरी नेट नाही. ज्या घरात दोन भावंडं आणि एक फोन, तिथे फोन कुणाकडे राहिला हे वेगळं सांगायला नको. बहिणीच्या तासिका 'नंतर नोट्स घे' वर गेल्या. ध्वनिफीत आणि मजकूर पाठवला असता तर एका तासिकेला दहा-पंधरा एमबी पुरले असते. काही शिक्षकांनी तसं केलंही. विद्यापीठांनी मात्र ते नियम म्हणून स्वीकारलं नाही, कारण व्हिडिओची हजेरी दाखवता येते.

वसतिगृहांचा निर्णय त्याहून महाग पडला. समाजकल्याणची वसतिगृहं अनेक जिल्ह्यांत विलगीकरण केंद्रांसाठी घेतली गेली. मोठी इमारत, शौचालयं, खाटा, सगळं तयार. अधिकाऱ्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण त्या खाटांवर राहणाऱ्या मुलांना दुसरी जागा नव्हती. घरी गेलेला मुलगा घरी कामाला लागतो, पहिल्या महिन्यात मदत म्हणून, चौथ्या महिन्यात नोकर म्हणून. वर्षभराने वसतिगृह उघडलं तेव्हा त्याच्या मजुरीवर घराचा हप्ता बसलेला होता. वसतिगृहात प्रवेश न मिळणाऱ्यांसाठीची स्वाधार योजना मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60 हजार देते: भोजनाचे 32, निवासाचे 20 आणि निर्वाहाचे 8 हजार. तिला 75 टक्के हजेरी लागते. कॉलेजच बंद असताना हजेरी कसली, आणि शहरात भाड्याने राहत नसताना निवासभत्ता कसला, हे प्रश्न फायलींमध्ये फिरत राहिले. खोली सोडली तर सामान कुठे ठेवायचं, न सोडली तर भाडं कुठून द्यायचं, याचं उत्तर प्रत्येकाने आपापलं शोधलं, बहुधा उसने पैसे घेऊन.

महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती कशी अडते हेही एकदा नीट लिहून ठेवण्यासारखं आहे. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो, कारण लिपिक गावी अडकलेला. पुढे सरकला तर उत्पन्नाचा दाखला जुना, आणि सेतू केंद्र बंद. मंजूर झाला तर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. ते खातं अनेकदा शाळेत असताना काढलेलं, वर्षानुवर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेलं. ते चालू करायला शाखेत जावं लागतं, शाखा वीस किलोमीटरवर आणि एसटी बंद. मधल्या काळात रिचार्ज न केल्याने मोबाइल नंबर दुसऱ्याच्या नावावर गेला असेल तर ओटीपीही येत नाही. इतक्या कड्यांची साखळी एका ठिकाणी तुटली तरी पूर्ण वर्षाचा पैसा अडकतो. यात जिद्द कुठे लावायची?

स्पर्धा परीक्षांची मुलं हा वेगळाच वर्ग. पुण्यात कॉट, मेस आणि अभ्यासिका मिळून महिन्याला आठ-दहा हजार. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा एप्रिल 2020ची होती. ती पुढे जात जात अखेर 21 मार्च 2021ला झाली. त्याआधी 14 मार्चची तारीख तीन दिवसांवर आली असताना रद्द झाली आणि मुलं रस्त्यावर उतरली. बातम्यांत तो उद्रेक दिसला. त्यामागचा हिशेब दिसला नाही: प्रत्येक पुढे ढकलणं म्हणजे दोन-तीन महिन्यांचं भाडं, आणि वयोमर्यादा मात्र घड्याळाप्रमाणे चालू. वय ओलांडलेल्यांना एक जादा संधी देण्याचा निर्णय व्हायला 2021चा डिसेंबर उजाडला. ज्याच्या बापाकडे पाच एकर बागायत आहे तो थांबला. ज्याची आई शेतमजूर आहे तो मार्च 2021च्या आधीच कुठल्या तरी गोदामात माल उचलायला लागला होता.

मुलींचं नुकसान आकड्यांत कमी आणि घरांत जास्त दिसतं. बालविवाह प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे देशात 2019च्या 523वरून 2020मध्ये 785वर गेले, आणि हे फक्त नोंद झालेले. लग्नात माणसं कमी बोलावता येतात म्हणून खर्च वाचतो, हा हिशेब करून उरकलेली लग्नं अठरा पूर्ण झालेल्या मुलींचीही होती, तीही कॉलेजच्या मधल्या वर्षात. त्यांची मोजदाद कुठल्याच कायद्याखाली होत नाही.

लसीच्या वेळी याच वर्गाला शेवटी उभं केलं गेलं. 1 मे 2021पासून 18 ते 44 वयोगटाला कोविनवर नोंदणी करूनच लस. जागा उघडल्यावर काही सेकंदांत भरायच्या. वेगवान नेट, इंग्रजी आणि सराव असलेला जिंकायचा. शहरातली मुलं गाडी काढून तालुक्याच्या केंद्रावर लस घेऊन गेली आणि तिथली मुलं दारात उभी राहून पाहत राहिली. महिन्याच्या आतच सरकारी केंद्रांवर थेट येऊन नोंदणीची मुभा मिळाली, सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल दरीवर बोट ठेवलं. सुरुवातीलाच निम्म्या मात्रा थेट येणाऱ्यांसाठी ठेवायला काय अडचण होती?

याच मुलांकडून कामं मात्र भरपूर करून घेतली गेली. सप्टेंबर 2020मध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्थानिक स्वयंसेवक अशी पथकं होती, रोज पन्नास घरं. ताप मोजायचा, ऑक्सिमीटर लावायचा, जुने आजार लिहायचे. कामाला कौशल्य लागतं. बोट थंड असेल, नखाला रंग किंवा मेंदी असेल तर आकडा चुकतो. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. बसल्या जागी 96 दिसणारा माणूस सहा मिनिटं चालल्यावर 92वर येतो आणि खरा धोका तिथे असतो. हे शिकवायला अर्धा दिवस पुरला असता, पण बरेच ठिकाणी यंत्र हातात देऊन पाठवणी झाली. मोबदला अनेक ठिकाणी 'कोविड योद्धा' प्रमाणपत्राचा. केंद्राचा 50 लाखांचा विमा होता, पण त्याला रुग्णसेवेसाठी अधिकृतपणे नेमल्याचा पुरावा लागतो. मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावरून बोलावलेल्या पोराकडे तो कागद कुठून येणार?

यावर एक आक्षेप ऐकू येतो: तुम्ही या मुलांना बिचारं ठरवताय, त्यांच्या कर्तबगारीचा अपमान करताय. आक्षेप प्रामाणिक आहे. पण लवचिकतेवरचं, म्हणजे संकटातून सावरण्याच्या ताकदीवरचं, एक गाजलेलं दीर्घ संशोधन काय सांगतं ते पाहावं. हवाई बेटांतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. हलाखीत वाढलेल्यांपैकी एक तृतीयांश मुलं सक्षम प्रौढ झाली. हेच वाक्य सगळीकडे उद्धृत होतं. त्यांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचं मोठं माणूस होतं, हेही सांगितलं जातं. कमी सांगितलं जातं ते पुढचं: अठराव्या वर्षी भरकटलेल्या मुलांपैकीही बरीचशी तिशीत सावरली, आणि त्यांना सावरणाऱ्या गोष्टींत कमी खर्चाचं सामुदायिक कॉलेज, सैन्यातली नोकरी आणि तिथलं प्रशिक्षण ही नावं येतात. म्हणजे विशीत पुन्हा उघडणारी दारं. आपल्याकडे नेमकी तीच दारं साथीत बंद झाली आणि नंतर त्यांच्यासमोर जीवनकौशल्यांच्या कार्यशाळा भरवल्या गेल्या. ताण कसा हाताळावा हे शिकणं वाईट नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर असावाच. पण ज्याची शिष्यवृत्ती अडकली आहे त्याला आधी ती द्या, श्वसनाचे व्यायाम मग शिकवा.

करायच्या गोष्टी अवघड नाहीत, फक्त त्या शांततेच्या काळात कराव्या लागतात. इष्टांक 2027च्या आकड्यांची वाट न पाहता अंदाजित लोकसंख्येवर वाढवता येतो. लग्न झालेल्या किंवा शहरात वेगळं राहणाऱ्या अठरा वर्षांवरील व्यक्तीचं वेगळं कार्ड स्वयंघोषणेवर देता येतं. खोटी नावं निघतील, पण बनावट नावाला दिलेलं पाच किलो धान्य उपाशी राहिलेल्या खऱ्या माणसापेक्षा स्वस्त आहे. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीत नव्वद दिवसांचा दाखला नाक्यावरच्या कामगार संघटनेकडून किंवा नगरसेवकाकडून चालवून घेता येतो. स्वाधारसारख्या योजनांच्या शासन निर्णयात एक ओळ घालायची: आपत्ती जाहीर झाल्याच्या तारखेपासून हजेरीची अट आपोआप स्थगित, हप्ता चालू. परीक्षा सहा महिन्यांहून जास्त पुढे गेली तर वयाची सवलतही तशीच आपोआप, अर्ज-आंदोलनाशिवाय. वसतिगृहं विलगीकरणासाठी घ्यायच्या यादीत शेवटी ठेवा. मंगल कार्यालयं साथीत तशीही रिकामीच असतात.

आणि वस्तीतल्या मुलांकडून जे काम घ्यायचं ते आधीच नेमून, रोजाने, विम्यासह घ्या. मुंबईत दर पावसाळ्याआधी वॉर्ड कार्यालयं पंप कुठे, निवाऱ्याची शाळा कोणती, संपर्काला कोण, याची यादी करतात. त्याच वहीत गल्लीवार चार रकाने वाढवायचे: कार्ड नसलेली घरं, खानावळीवर जेवणारे, एकाच फोनवर शिकणारी भावंडं, डायलिसिस किंवा टीबीचे रुग्ण. गल्लीतल्या दोन मुला-मुलींना वर्षातून दोनदा तीन दिवसांचं काम, किमान वेतनाच्या दराने. वीस गल्ल्यांच्या वस्तीला चाळीस जण, वर्षाला 240 मनुष्यदिवस. रोज सहाशे रुपये धरले तरी 1 लाख 44 हजार होतात.